आईने समजूत काढली

वकीलसाहेबांनी फोन करून माझं कौतुक केलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. इतक्या वर्षांत या माणसाने मला ‘जल्दी भेजिए’ आणि ‘पेज नंबर मिला लीजिए’ यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. महाराष्ट्रातला एखादा खटला अपील होत होत दिल्लीला सुप्रीम कोर्टापर्यंत आला, की त्यातली फिर्याद, पंचनामे, साक्षी, सगळं इंग्रजीत लागतं, कारण इथे बसणारे न्यायाधीश कुठकुठल्या राज्यांतले असतात. ते काम माझ्यासारखी माणसं करतात. मी ते फरीदाबादला, आमच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर करते. एकीकडे लॅपटॉप, दुसरीकडे मेथीची जुडी.

“मॅडम, आपके पेज एक सौ बारह पर पूरा केस खड़ा है,” ते म्हणाले. गुरुवारी सुनावणी आहे, आणि ती एक ओळ कोर्टाला वाचून दाखवली की पुढे फारसं बोलावंच लागणार नाही, असंही म्हणाले. मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, चांगलीच खूश झाले. फोन ठेवला, चहा टाकला आणि मग पान एकशे बारा उघडलं.

केस अशी होती. एका तालुक्याच्या गावातला माणूस. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याबद्दल खालच्या कोर्टाने त्याला शिक्षा दिली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि आता त्याचं अपील सुप्रीम कोर्टात आलं होतं. माझे वकीलसाहेब त्याचे वकील. काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही. मी ते एकदा मराठीत वाचलंय आणि एकदा इंग्रजीत टाइप केलंय, तेवढं पुरे. मुलीचं नाव मलाही माहीत नाही. कागदांवर जिथे जिथे नाव होतं तिथे काळी पट्टी मारलेली होती. इंग्रजीत ती फक्त पी. डब्ल्यू. टू, म्हणजे सरकारतर्फे दुसरी साक्षीदार.

लोकांना वाटतं, अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून. तसं बिल्कुल नसतं. मुलगी पुन्हा येत नाही, तिला पुन्हा कुणी काही विचारत नाही, आणि ते बरंच आहे. तिला प्रत्यक्ष बघितलेलं असतं ते खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी. ती कुठे अडखळली, कुणाकडे बघायचं टाळत होती, ते त्यांनाच दिसलेलं असतं. हायकोर्ट तिचे शब्द वाचतं. सुप्रीम कोर्ट तर पुरावा नव्याने तोलायला सहसा तयारच नसतं. खाली काही भयंकर चुकलंय का, एवढं बघतं. आणि ते कशावरून बघतं? माझ्या इंग्रजीवरून. हे मला त्या आठवड्यापर्यंत कधी नीट सुचलंच नव्हतं. मी आपली पानांमागून पानं उपसत होते.

अशा खटल्यांत बहुतेक वेळा खरा साक्षीदार एकच, ते मूल. कोर्टाला त्याच्या शब्दावर विश्वास बसला तर तेवढ्यावरही शिक्षा टिकते. म्हणून बचावाच्या वकिलाचा सगळा जोर एका गोष्टीवर असतो: हे मूल स्वतःचं बोलत नाहीये, त्याला कुणीतरी पढवलंय. हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप कोसळतं. त्यामुळे असल्या फायलींमध्ये मी ‘पढवलं’, ‘शिकवलं’, ‘सांगितलं’ हे शब्द आले की जरा जपूनच लिहायचे. जपायला हवं होतं तिथे मात्र माझं लक्षच गेलं नाही.

पान एकशे बारावर असं होतं. मुलीची साक्ष सुरू झाली, दोन-चार प्रश्नांतच ती रडू लागली, म्हणून दहा मिनिटं थांबण्यात आलं. न्यायाधीशांनी तशी नोंद केली होती. मग ती परत आली आणि तिने सगळं सांगितलं. नंतर उलटतपासात, म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, तिने एक गोष्ट कबूल केली. मी इंग्रजी केलं होतं, ‘माय मदर मेड मी अंडरस्टँड बिफोर आय केम बॅक.’ परत येण्याआधी आईने मला समजावलं.

बघा म्हणजे. रडणारी मुलगी बाहेर गेली, आईने दहा मिनिटं तिला ‘समजावलं’, आणि मुलगी आत येऊन घडाघडा बोलली. कुठल्याही न्यायाधीशाच्या भुवया वर जातील. माझ्याही गेल्या. मला वाटलं, अरेच्चा, त्या बाईने पढवलं असेल की काय? पुढच्याच ओळीत मुलगी म्हणाली होती की आईने शिकवल्यामुळे मी खोटं बोलते हे खरं नाही. पण तसा नकार प्रत्येक साक्षीत असतो, त्याला कोण विचारतं. मी चहा संपवला आणि दुसऱ्या फायलीला लागले. हे लिहिताना आत्ता माझे कान गरम झालेत.

आता माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. माझा जन्म दिल्लीचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे मला दोन प्रकारचं मराठी येतं. एक घरातलं, पोळी-भाजी-आंघोळीचं. दुसरं कोर्टाचं, फायली वाचून वाचून शिकलेलं: सदरहू इसम, मौजे अमुक, वर नमूद केल्याप्रमाणे. या दोन्हींच्या मधलं जे मराठी असतं, बायका शेजारणीशी बोलतात ते, पोरांवर ओरडतात ते, ते माझ्याकडे भोकाभोकांचं आहे. कोणी रुसलं की आमच्याकडे म्हणायचे, ‘जा, तिला मनव.’ ‘मनवणं’ हा अस्सल मराठी शब्द आहे अशी माझी लग्न होईपर्यंत खात्री होती.

सासूबाई कराडच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. त्या माझ्या मराठीला हसतात, तोंडावर हसतात. पनीर घातलेलं पिठलं म्हणतात माझ्या बोलण्याला. मी चिडते. एक तर मी मराठीवर पोट भरणारी बाई, आणि ही बाई मला ‘चलो आई, निघते’ म्हटलं की ‘चलो काय गं, मी कुठे येऊ तुझ्याबरोबर?’ असं विचारणार. वकिलांचा कौतुकाचा फोन आला त्या संध्याकाळी तर मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं नवऱ्याला सांगितलं, की माझ्या एका ओळीवर सुप्रीम कोर्टातली केस उभी आहे.

त्याच संध्याकाळी माझं आणि लेकीचं वाजलं. तिला मैत्रिणींबरोबर ऋषिकेशला जायचं होतं, मी नाही म्हटलं, ती बोलली, मी त्याहून जास्त बोलले. माझी जीभ सुटली की सुटते. ती खोलीत जाऊन दार लावून रडत बसली. सासूबाई कणीक मळत होत्या. म्हणाल्या, जा, तिची समजूत काढ.

मी उसळले. मी कशाला समजावू, एकोणीस वर्षांची घोडी झाली, तिचं तिला समजायला नको का, असं बरंच काही म्हटलं.

त्यांनी हाताची कणीक काढत माझ्याकडे बघितलं. “समजाव नाही म्हटलं मी. समजूत काढ म्हटलं. जवळ बस, पाठीवरून हात फिरव, रडायची थांबेल. शिकवायचं ते मग शिकव.”

मी तिथेच उभी राहिले. लेकीच्या दाराशी न जाता मी टेबलाकडे गेले आणि मूळ मराठी साक्षीची फोटोकॉपी काढली. पान लवकर सापडेना. सापडलं. ‘हे म्हणणे खरे आहे की, मी परत येण्यापूर्वी आईने माझी समजूत काढली.’

मी ‘समजूत’ वाचलं आणि माझ्या डोक्याने ‘माझी अशी समजूत आहे’ मधली समजूत उचलली. वर हिंदीतलं समझाना येऊन बसलं. मी अडखळलेही नव्हते. अडखळले असते तर शब्दकोश काढला असता, कुणाला विचारलं असतं. चूक आहे हे माहीत नसेल तर माणूस विचारणार तरी कुठे? हायकोर्टात या ओळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, कारण तिथे सगळ्यांनी मूळ मराठी वाचलं होतं. कुणाला त्यात काही दिसलंच नाही, कारण काही नव्हतंच. एक पोर रडत होती, आईने तिला शांत केलं. त्या आईला मी माझ्या टेबलावर बसून गुन्हेगार करून ठेवलं होतं, आणि पोरीला खोटारडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश काढला. समजूत काढणे, घालणे: शांत करणे, सांत्वन करणे, राग घालवणे. आणि शेवटी, मन वळवणे. वकील नेमका तोच पकडणार.

आणि तसंच झालं. मी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की हे अजून कुणाला सांगितलंय का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, शब्दाला दोन अर्थ असतात, तुम्ही एक निवडला, त्यावर सही केली, कागद कधीचे दाखल झाले. सरकारी वकिलाकडे मूळ साक्ष आहे, त्यांना चूक दिसली तर ते सांगतील. “अब इसको मत छेड़िए, मॅडम,” असं म्हणून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की माझा अशील सहा वर्षं आत आहे, तो निर्दोष असला तर?

हा प्रश्न वाईट होता, कारण तो माझ्याही डोक्यात होता. त्या माणसाचा थोरला भाऊ सुनावणीसाठी दिल्लीत येऊन राहिला होता. एका धर्मशाळेत उतरला होता. वकिलांच्या ऑफिसातल्या लोकांना त्याची हिंदी कळेना, म्हणून कुणीतरी त्याला माझा नंबर दिला. शेतकी खात्यात शिपाई होता तो, पन्नाशीचा, बोलायला फार नीट. दिवसातून तीनदा फोन. ताई, इथं साधं जेवण कुठं मिळंल? ताई, कोर्टात चप्पल चालते का? मधल्या दोन दिवसांत काय करायचं म्हणून पानिपत किती लांब आहे, काला अंबचं लढाईचं स्मारक बघून यावं म्हणतो, असंही त्याने विचारलं. मला आधी राग आला, हा काय सहलीला आलाय का म्हणून. मग वाटलं, दोन दिवस तो माणूस खोलीत बसून तरी काय करणार.

मी वकिलांचा फोन ठेवते न ठेवते तोच त्याचा आला. वकिलांकडून त्याला कळलं होतं की एक ओळ सापडलीय.

“सुटंल ना, ताई?” तो म्हणाला.

मी म्हटलं, मला कायद्यातलं काही कळत नाही. ते खरं होतं. पण मला मराठीतलंही कळत नाही, हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही. तो भावाबद्दल बोलत राहिला, की तो तसा नाही, शेजाऱ्यांशी बांधावरून जुना वाद होता. असेलही. मला खरोखर माहीत नाही. मी दोन दिवस तेच घोळवत होते: तो निर्दोष असेल आणि माझ्या चुकीने सुटला तर काय बिघडलं? आणि तो दोषी असेल आणि माझ्या चुकीने सुटला तर? डाळ दोनदा करपली. लेकीशी अबोला तसाच होता. सासूबाई विचारत राहिल्या काय झालंय, मी काही नाही म्हणत राहिले. शेवटी एकच गोष्ट हाताला लागली. त्याने काय केलं हे मला ठरवायचं नव्हतं, मला ते कुणी विचारलंही नव्हतं. मला विचारलं होतं ते एवढंच, की मुलगी काय म्हणाली. आणि ते मला आता माहीत होतं.

मंगळवारी मी वकिलांच्या चेंबरमध्ये गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण भांडायची वेळ आली नाही. मी ठाम आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, ठीक आहे, कोर्टापासून मी लपवणार नाही, दुरुस्तीचं पान देऊ. पण त्याबरोबर माझं प्रतिज्ञापत्र लागेल, चूक का झाली त्याच्या कारणासकट. त्यांच्या ज्युनियरने लगेच टाइप करून आणलं. कारण लिहिलं होतं, टायपिंग मिस्टेक.

मी म्हटलं, ही टायपिंगची चूक नाही. त्यांनी मला समोर बसवलं आणि, खरं सांगायचं तर माझ्या भल्याचंच, समजावलं. तुम्ही प्रत्येक कामाखाली लिहून देता की दोन्ही भाषा मला उत्तम येतात. आता कोर्टाला लिहून द्याल की शब्द माहीत नव्हता, तर तुम्ही आजवर केलेल्या प्रत्येक फायलीवर कुणीही बोट ठेवेल. तुम्हाला काम कोण देईल? संध्याकाळी नवरा तेच म्हणाला. सरकारी खात्यात जन्म घालवलेला माणूस तो, टायपिंगवर ढकलून मोकळी हो म्हणाला, सगळे तेच करतात.

मला मोह झाला. का होऊ नये? पण ‘कन्सोल्ड’ लिहायला गेलं आणि बोट घसरून ‘मेड मी अंडरस्टँड’ झालं, हे कोण मान्य करणार? न्यायाधीश हसले असते. आणि त्यांना वाटलं असतं की दोन्हीपैकी काय खरं कुणास ठाऊक, बाई दबावाखाली ओळ बदलतेय. मग ती मुलगी पुन्हा तिथेच अडकली असती. दुसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने लिहून दिलं की या शब्दप्रयोगाचा अर्थ मला माहीत नव्हता, तो मला माझ्या सासूबाईंनी सांगितला. ज्युनियर म्हणाला सासूबाईंचं काढून टाका. मी नाही काढलं.

गुरुवारी मेट्रोने, मंडी हाउसला गाडी बदलून, कोर्टात गेले. बाहेर धुरकट हवा, गेटवर पासची रांग. आरोपीचा भाऊ दारापाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. मला बघून त्याला बरं वाटलं, आणि मला जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं. आम्ही मागच्या बाजूला शेजारी शेजारी बसलो. आमच्या आधी चार केसेस झाल्या, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

आमचा नंबर लागला. वकीलसाहेबांनी उभं राहून सगळ्यात आधी दुरुस्तीचं पान आणि माझं प्रतिज्ञापत्र वर दिलं. तेवढं श्रेय मी त्यांना देते. दोन न्यायाधीश होते. त्यातल्या थोरल्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं की भाषांतर करणारी व्यक्ती हजर आहे का. वकिलांनी मागे बोट दाखवलं. मी उभी राहिले. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“मराठी आपकी मातृभाषा है?” त्यांनी विचारलं.

मी ‘जी’ म्हटलं.

“और यह शब्द नहीं आता था?”

“नहीं आता था,” मी म्हटलं.

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की मग आता नीट अर्थ काय ते सांगा. वकीलसाहेबांनी शब्दकोश काढून ठेवलाच होता, दोन्ही अर्थांवर पिवळी खूण करून. ऐन वेळी मला इंग्रजीत एक शब्द सुचेना. वीस वर्षं मराठीचं इंग्रजी करणारी मी, हिंदीत म्हणाले, “बच्चा रोता है तो माँ जो करती है, वो.”

त्यांनी मान हलवली आणि मला बसायला सांगितलं. पुढे वकीलसाहेब मन वळवण्याच्या अर्थावर बोलले, तक्रार द्यायला झालेल्या उशिरावर बोलले, शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर बोलले. सरकारी वकील एक तरुण बाई होत्या, त्यांनी मुलीची सगळी साक्ष ओळीने वाचून दाखवली. माझ्या इंग्रजीत. मी डोळे मिटून प्रत्येक शब्दाला घाबरत ऐकलं. कोर्टाने निकाल राखून ठेवला, म्हणजे तो नंतर लिहून जाहीर करणार.

बाहेर आल्यावर भावाने विचारलं, “ताई, तुम्हाला का उभं केलं?” त्याला इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं, आणि हिंदीतले प्रश्न कुठल्या शब्दाबद्दल होते तेही. मी म्हटलं, एक शब्द चुकला होता, तो दुरुस्त करायचा होता.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “कागदात चूक राहायला नको.”

मला त्याच्याकडे बघवेना. मी घाईचं निमित्त करून मेट्रोकडे चालायला लागले.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी कोर्टाची वेबसाइट उघडायची, केस नंबर टाकायचा, काही नाही, बंद करायची. दुपारी पुन्हा. नवीन काम यायचं कमी झालं, त्याचं मला तेव्हा काही वाटलंच नाही. जुन्या फायली मात्र डोक्यातून जाईनात. किती ‘काढली’ आणि किती ‘घातली’ मी बिनधास्त ओलांडून गेले असेन? एक मुलगी आठवली, एक मुलगा आठवला, एक आजी आठवली जिची साक्ष मी एका बैठकीत संपवली होती. सासूबाईंना आता मी रोज काहीतरी विचारते. त्या पहिले काही दिवस हसल्या, मग हसायच्या थांबल्या. एकदा त्यांनीच विचारलं की त्या पोरीला कुणी कळवतं का, हे इथे काय चाललंय ते. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडून नाही, पोलिस कळवत असतील. ती आता सोळा वर्षांची असेल. दहावीला असेल, क्लासला जात असेल. तिच्या एका वाक्यावर दिल्लीत माणसं शब्दकोश उघडून बसली होती, हे तिला माहीत असेल का, कोण जाणे. नसलेलंच बरं, असं मला वाटलं.

निकाल लागला तेव्हा मी बाजारात होते. घरी येऊन उघडला. अपील फेटाळलं होतं, शिक्षा कायम. मी खुर्चीत बसून रडले, का ते मला सांगता येणार नाही. जीव भांड्यात पडला म्हणून असेल. तेवढ्यात फोन वाजला, गावाकडून. भाऊ होता.

ऑफिसातून कुणीतरी त्याला निकालाचे कागद मोबाइलवर पाठवले होते, पण धड काही सांगितलं नव्हतं. सगळं इंग्रजीत. तो म्हणाला, “ताई, तुम्ही मराठीत वाचून दाखवा. जे असंल ते. सगळं वाचा.”

मी म्हटलं, शेवट आधी सांगते. तो नको म्हणाला, पहिल्यापासून वाचा. मला वाटतं त्याला कळलं होतं, पण ऐकायचं लांबवत होता. मी वाचायला सुरुवात केली. एक एक वाक्य मनात उलटं करायचं आणि सावकाश बोलायचं, चुकणार नाही असं. खालच्या कोर्टाने काय म्हटलं, हायकोर्टाने काय म्हटलं. तो हं हं करत होता. मग तो परिच्छेद आला. मी वाचलं, की आरोपीतर्फे असं म्हणणं मांडण्यात आलं, मुलगी पढवलेली होती, कारण साक्ष मध्येच थांबवली तेव्हा आईने तिची समजूत काढली.

“मग?” तो मध्येच म्हणाला. “रडत असंल पोर. आई समजूत काढणार नाही तर काय करंल?”

बोलून गेला आणि एकदम गप्प झाला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “त्यांनी तेच लिहिलंय का, ताई?”

“हो दादा,” मी म्हटलं. “तेच लिहिलंय.”